मिक्सर, चवळी आणि एक्सेलमधलं वेटेज

आमच्या ऑफिसच्या सॅम्पल रूममध्ये एक ड्रॉवर आहे, त्यात नुसते प्लग आहेत. मिक्सरच्या वायरीला लावायचे, वेगवेगळ्या देशांचे, प्रत्येकावर सेलोटेपने चिकटवलेली चिठ्ठी. मी २००९ मध्ये या मिक्सर बनवणाऱ्या कंपनीत एक्सपोर्टला लागले तेव्हा पहिल्याच दिवशी शेठनी मला केबिनमध्ये न नेता त्या ड्रॉवरपाशी नेलं आणि म्हणाले, "मॅडम, आपली दुनिया एवढीच." मला वाटलं गंमत करतायत. पण खरंच तसं होतं. तीन चौकोनी पिनांचा इंग्लंडचा तो जाडजूड प्लग लावला की तोच मिक्सर दुबई, मस्कत, दोहा, नैरोबी, लागोस, क्वालालंपूर, सिंगापूर, कुठेही चालतो, जिथे जिथे साहेबाचा वावर होता तिथे साहेब गेला आणि प्लग राहिला. आपल्याकडे मात्र त्यांचा त्याहून जुना गोल पिनांचा राहिला, आणि साउथ आफ्रिकेत आपला तो गिझरचा मोठा गोल पिनवाला चालतो. अमेरिकेत १२० व्होल्ट, तिथे नुसता प्लग बदलून भागत नाही, मोटरचं वाइंडिंगच वेगळं, तार जाड, वेढे कमी, म्हणजे वसईच्या कारखान्यात लाइन थांबवून वेगळी बॅच काढायची. त्यामुळे आमच्या ऑफिसात केनिया जवळ आणि अमेरिका लांब, आणि हे लांब-जवळ विमानाच्या तासांवर अजिबात नाही.

हे आत्ता आठवायचं कारण माझा भाचा. पार्ल्याच्या कॉलेजात बीएमएस करतोय, त्याला प्रोजेक्ट आलाय की कंपन्या परदेशातले कुठले बाजार निवडतात आणि कसे. रविवारी आला तो एक आकृती घेऊनच, वरून खाली निमुळतं होत जाणारं नरसाळं, वर दोनशे देश टाकायचे, मग लोकसंख्या, उत्पन्न, वाढीचा दर अशा चाळण्या लावायच्या आणि खालून एक देश टपकन पडतो. "मावशी, तुमच्याकडे पण असंच करतात ना?" मी म्हटलं चहा टाक, सांगते. रात्री साडेदहाची लोकल पकडून गेला बिचारा.

तर आमचं नरसाळं. आमचा पहिला परदेशी गिऱ्हाईक मस्कतचा, मी यायच्या खूप आधीचा, त्याची फाइल अजून आहे, पिवळी पडलेली. मस्कतच्या एका मल्याळी दुकानदाराचा फॅक्स आला होता, की माझ्याकडे येणाऱ्या बायका विचारतात इंडियन मिक्सी आहे का, पन्नास नग पाठवा. म्हणजे बाजार आम्ही निवडलाच नाही, बाजाराने आम्हाला फॅक्स केला! आणि त्या बायका का विचारत होत्या हे ज्याने कधी परदेशी ब्लेंडरमध्ये सुकं खोबरं आणि लाल मिरची वाटायचा प्रयत्न केलाय त्याला विचारा. तो ब्लेंडर फळांचा रस आणि सूप करायला बनलेला असतो, त्यात आपलं सुकं वाटण घातलं की पाच मिनिटांत जळका वास. इडलीचं पीठ, डोशाचं पीठ, ओल्या नारळाची चटणी, यासाठी मिक्सर लागतो तो आपलाच, आणि एकट्या युएईतच पस्तीस लाखांवर भारतीय राहतात. पन्नासाचे दोनशे झाले, दोनशेचा कंटेनर झाला, मस्कतवाल्याचा मेव्हणा शारजाला होता तो मागायला लागला, त्याच्या ओळखीचा दोह्याला. दहा वर्षांत गल्फ झालं. नंतर बँकेच्या लोनसाठी प्रोजेक्ट रिपोर्ट करायचा होता त्यात आम्ही लिहिलं की सखोल अभ्यासानंतर कंपनीने आखाती देशांची निवड केली. मीच टाइप केलं ते. अजून हसू येतं.

भाच्याच्या पुस्तकात याला पण नाव आहे म्हणा. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या दोघांनी १९७७ मध्ये हेच मांडलं होतं, स्वीडिश कंपन्यांचा इतिहास बघून, की कंपन्या आधी अशा देशात जातात जो मनाने जवळ वाटतो, भाषा, कायदे, धंद्याच्या सवयी ओळखीच्या असतात, तिथे आधी एजंट, मग स्वतःचं सेल्स ऑफिस, मग कारखाना, एकेक पायरी, आणि हात जरा बसला की मग पुढच्या लांबच्या देशात. मला हे वाचून बरं वाटलं कारण आम्ही आपले स्वतःला अडाणी समजत होतो.

आपल्या मुंबईच्या मोठ्या कंपन्या बघा ना. एशियन पेंट्स, १९४२ मध्ये गिरगावात गायवाडीत सुरू झालेली, परदेशात पहिल्यांदा गेली ती कुठे, तर १९७८ मध्ये फिजीला. फिजी! जगाच्या नकाशावर बोट ठेवलं तर बोटाखाली झाकला जाईल एवढा देश. नरसाळ्यात टाकला असता तर पहिल्या चाळणीतच अडकला असता. पण तिथे गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर नेलेल्या भारतीय मजुरांच्या, पिढ्या वसलेल्या, आणि माझा आपला अंदाज असा की रंगाच्या जागतिक दादा कंपन्यांना तेवढ्याशा बेटांसाठी झटायची गरजच वाटत नसणार. लहान बाजारात मोठा मासा व्हायला मिळतं, आणि चुकलं तर बुडतं पण थोडंच. मॅरिकोचं बांगलादेश तसंच. १९९९ मध्ये तिथे कंपनी काढली, २००९ मध्ये ती ढाक्याच्या शेअर बाजारात लिस्टपण झाली, आणि माल कुठला तर आपली निळी बाटली, पॅराशूट. ज्या देशात बायका लहानपणापासून डोक्याला खोबरेल लावतात तिथे 'खोबरेल का लावावं' हे शिकवायला जाहिरातीवर पैसे घालवावे लागत नाहीत, फक्त 'आमचंच का' एवढं सांगायचं. अर्ध्या वाटेवरून धंदा सुरू होतो.

आता धाकट्या शेठवर येते. २०१८ मध्ये ते बाहेरून एमबीए करून आले, हुशार माणूस, मला मनापासून आवडतो, पण आल्या आल्या त्यांनी एक्सेल केलं. चौदा देश उभे, अकरा कॉलम आडवे, बाजाराचा आकार, वाढीचा दर, दरडोई उत्पन्न, आयात कर, वाहतूक, भाषा, राजकीय धोका, चलन वगैरे, प्रत्येकाला दहापैकी मार्क आणि प्रत्येक कॉलमला वेटेज, म्हणजे तो कॉलम किती महत्त्वाचा धरायचा तो आकडा. दाबलं बटण, जर्मनी पहिला. युएई सहावा! जिथून आमचे पगार येत होते तो सहावा.

मी म्हटलं, "सर, जर्मनीत आपला मिक्सर कोण घेणार?" ते म्हणाले, "मॅडम, डेटा बघा ना, केवढं इम्पोर्ट आहे." डेटा खरा होता, तीच तर गंमत. जगात प्रत्येक मालाला कस्टमचा एक एचएस कोड असतो, आमचा ८५०९४०, आणि या एका कोडमध्ये आमचा दणकट मिक्सर, त्यांचा स्मूदीचा ब्लेंडर, ज्युसर, सगळी भावंडं एका ताटात. जर्मनी ब्लेंडर भरपूर आयात करतो म्हणून आकडा मोठा, पण त्यातली एकही मशीन सुकी मिरची वाटायला जात नाही. त्याच यादीत नेदरलँड्स पण वर होता, आणि तो का वर असतो तर रॉटरडॅम बंदर, माल तिथे उतरतो आणि ट्रकने पुढच्या देशांत जातो, कागदावर मात्र आयात डचांच्या नावावर. दुबईच्या जेबेल अली बंदराचं पण थोडंफार तसंच, हाँगकाँगचंही. ट्रेड मॅप म्हणजे देशोदेशींच्या आयात-निर्यातीचे आकडे देणारी वेबसाइट, ती पहिल्यांदा उघडणाऱ्या प्रत्येकाला हे फसवतं, मलाही फसवलं होतं २०१० मध्ये, त्यामुळे मी फार शहाणपणा करत नाही.

आणि वेटेजबद्दल सांगते. पहिल्या फेरीत खरं तर पोलंड पहिला आला होता. मग धाकट्या शेठनी दरडोई उत्पन्नाचं वेटेज दहाचं पंधरा केलं आणि जर्मनी वर गेला. मी शेजारीच बसले होते. वाईट हेतू काही नव्हता, त्यांना आतून जर्मनीच हवा होता, शिकताना सहा महिने तिथे राहिले होते, आणि एक्सेल फार आज्ञाधारक असतं, मालकाला काय हवंय ते त्याला बरोब्बर कळतं.

गेलो आम्ही फेब्रुवारीत फ्रँकफर्टला, अँबियंटे नावाचं स्वयंपाकघराच्या सामानाचं प्रचंड प्रदर्शन भरतं तिथे. नऊ चौरस मीटरचा स्टॉल, मी कांजीवरम नेसून उभी, डेमोला चणाडाळ. एक बाई थांबल्या, पन्नाशीच्या, मी बटण फिरवलं आणि त्या चक्क एक पाऊल मागे गेल्या. आपल्याकडे सकाळी मिक्सर लागला की शेजारच्या घरात कळतं आज इडली आहे, आपल्याला त्याचं काही नसतं. त्यांच्याकडे रात्री आणि रविवारी शांतता पाळायचे नियम असतात. त्या बाईंनी हसून विचारलं, हे घरात वापरायचं आहे का? मला आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला. चार दिवसांत ज्यांनी ज्यांनी नीट चौकशी केली ते सगळे तिथले इंडियन आणि श्रीलंकन दुकानवाले. म्हणजे फ्रँकफर्टला जाऊन आम्हाला परत मस्कतच सापडलं, फक्त थंडीतलं आणि बरंच महाग, कारण वर युरोपात विकायला लागणारा सीई मार्क, भांड्याच्या प्लास्टिकची वेगळी टेस्ट, इलेक्ट्रिक कचऱ्यासाठी वेगळं रजिस्ट्रेशन. आला तो एक ऑर्डर, दोनशे नग. सर्टिफिकेशनचा खर्चही त्यातून निघाला नाही.

खरं तर हे सगळं आपल्याला उलट्या बाजूने माहितीच आहे, कारण आपण पण कुणाच्या तरी एक्सेलमधली एक ओळ असतोच. १९९४ मध्ये केलॉग्ज भारतात आलं, कारखाना आपल्या तळोज्याला. त्यांच्या शीटवर आपण किती सुंदर दिसलो असू, एवढी माणसं, त्यातला एवढा मध्यमवर्ग, आणि सगळे रोज सकाळी नाश्ता करतात! मी तेव्हा शाळेत होते, लालबागला चाळीत राहायचो, बाबांनी कौतुकाने एक खोकं आणलं. आजीने वाटीत ते फ्लेक्स घातले आणि गॅसवरचं गरम दूध साय बाजूला सारून वर ओतलं, कारण दूध म्हणजे गरमच, थंड दूध मुलांना दिलं तर कफ होतो. मिनिटभरात त्याचा लगदा. आजी चमच्याने उचलून बघत म्हणाली, "अगो, हे चिवडा दुधात बुडवल्यासारखं काय आहे?" घराघरात हेच झालं, ते फ्लेक्स थंड दुधासाठी बनलेले होते. दुधाचं तपमान हा कॉलम कुणाच्याच शीटमध्ये नव्हता. मग वर्षानुवर्षं कंपनीने चिकाटीने चवी बदलल्या, लहान पाकिटं काढली, टिकून राहिली हे मान्य करायलाच हवं, पण सुरुवातीचा हिशेब नाश्ता करणाऱ्यांची डोकी मोजून केला होता.

दुसरं उदाहरण बीकेसीचं ॲपलचं दुकान, १८ एप्रिल २०२३ ला उघडलं तेव्हा लोक रांगा लावून उभे होते. आपण काय २०२३ मध्ये अचानक श्रीमंत झालो? नियम असा होता की एका ब्रँडचं दुकान ५१ टक्क्यांपेक्षा जास्त परदेशी मालकीचं असेल तर ३० टक्के खरेदी भारतातून करा. २०१९ मध्ये तो नियम सैल झाला, २०२० मध्ये त्यांचं ऑनलाइन दुकान आलं आणि मग बीकेसी. गिऱ्हाईक होतं, पैसा होता, बीकेसी पण तिथेच होतं, मध्ये एक कागद होता.

कागदाचं म्हणाल तर आमच्या मामेभावाला विचारा, देवगडला त्याची कलमं आहेत. हापूस कुणाला नको असतो? पण जपानने वीस वर्षं आपला आंबा घेतला नाही, २००६ मध्ये दार उघडलं ते गरम वाफेची प्रक्रिया केली तरच. अमेरिकेने २००७ मध्ये उघडलं ते विकिरण केलं तरच, आणि तेही त्यांचा इन्स्पेक्टर इथे येऊन उभा राहील तेव्हाच. कोविडमध्ये २०२० आणि २०२१ असे दोन हंगाम अमेरिकेला आंबा गेलाच नाही, कारण इन्स्पेक्टर विमानात बसू शकत नव्हता. आंबा तयार, शिकागोतला मराठी माणूस तोंडाला पाणी सुटून तयार, सगळं अडलं एका माणसाच्या सहीवर. २०१४ च्या मे महिन्यात युरोपने फळमाशी सापडली म्हणून बंदी घातली, ऐन हंगामात, ती उठली २०१५ च्या जानेवारीत. मामेभाऊ त्या वर्षी म्हणाला, "ताई, आमच्या युरोपच्या मार्केटचा साइझ एका माशीएवढा आहे." आणि हे कागद रात्रीत बदलतात. २०२२ च्या १ मेपासून युएईबरोबरचा करार लागू झाला आणि तिथली पाच टक्के ड्युटी बऱ्याच मालावरून गेली, आमच्यासाठी दिवाळीच. उलट २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्क्यांपर्यंत कर नेला तेव्हा आमच्या मजल्यावरच्या इमिटेशन ज्वेलरीवाल्यांचे चेहरे बघवत नव्हते. वाइंडिंगच्या कंटाळ्यामुळे आम्ही वाचलो, त्यात हुशारी शून्य.

मध्येच मॉरिशसची गोष्ट सांगून टाकते. तो माझा हट्ट होता. तिथे पिढ्यानपिढ्यांचे मराठी लोक, गणेश चतुर्थीला चक्क सरकारी सुट्टी, प्लग इंग्लंडचा चालतो, मला वाटलं झालंच काम. गेला पहिला कंटेनर, वीस फुटी, साडेसहाशेच्या आसपास बॉक्स बसतात त्यात. दुसरा मागवायला त्या माणसाने सव्वादोन वर्षं लावली. मी चिडून फोन केला तर म्हणाला, मॅडम, आमचा पूर्ण देश साडेबारा लाखांचा. म्हणजे २०११ च्या जनगणनेतली कल्याण-डोंबिवली. आणि आपला मिक्सर लवकर बिघडत पण नाही ना. जवळचं आहे म्हणून माणूस धड मोजत सुद्धा नाही, हे तेव्हा कळलं.

आता नायजेरिया. हे लिहायला मला जरा जड जातंय कारण ती चूक माझी आहे, धाकट्या शेठची नाही.

२०२१ मध्ये आमच्या शारजाच्या डीलरकडे एक नायजेरियन व्यापारी माल बघायला आला होता, त्याने सात-आठ नग स्वतःच्या सामानातून नेले आणि दोन महिन्यांनी ईमेल केला की अजून पाहिजेत. मी जरा शोधाशोध केली आणि मला वेड लागायची पाळी आली, कारण ते लोक चवळी खातात. म्हणजे नुसती खातात असं नाही, चवळी भिजवतात, सालं काढतात, कांदा-मिरची घालून वाटतात आणि त्या वाटणाची भजी तळतात, त्याला म्हणतात अकारा. तेच वाटण वाफवलं की मोईमोई, आपल्या ढोकळ्याची लांबची बहीण. भिजवलेल्या डाळीचं वाटण! आमच्या मिक्सरचा जन्म ज्यासाठी झाला तेच काम. प्लग इंग्लंडचा, व्होल्टेज आपलंच, वर खाली होतं तेही आपल्यासारखंच. लोकसंख्या वीस कोटींच्या वर. धाकट्या शेठच्या शीटवर नायजेरियाला 'संस्कृती'मध्ये दहापैकी दोन आणि जर्मनीला सहा होते, मी म्हटलं सर, हे कोणी भरलं?

२०२२ मध्ये यलो फिव्हरची लस टोचून घेऊन लागोसला गेले. अलाबा म्हणून इलेक्ट्रॉनिक्सचा महाबाजार आहे तिथे, आपल्या लॅमिंग्टन रोडला पंधरा-वीसने गुणा. सकाळी बाहेर पडले तर रस्त्याकडेला एक बाई मोठ्या कढईत अकारा तळत बसलेली, घाणा काढला, निथळला, आणि समोरच्या मुलाला जाड पावाच्या दोन तुकड्यांत चार अकारा कोंबून कागदात गुंडाळून दिले. मी उभी राहून बघतच राहिले. भजीपाव! दादर स्टेशनबाहेर उभी असल्यासारखं वाटलं. खाल्ला, तिखट होता, मस्त होता. तिथल्या तिथे शेठना फोन केला की शेठ, हे आपलंच गाव आहे.

परत आल्यावर नवीन शीट झाली आणि यावेळी कीबोर्ड माझ्याकडे होता. 'स्वयंपाकघर' असा नवीन कॉलम मी घातला, ते बरोबरच केलं. पण नायजेरिया तरी तिसराच येत होता, कारण चलनाच्या कॉलममध्ये त्याला दहापैकी एक होता आणि त्या कॉलमला वेटेज होतं पंधरा. मी ते पाच केलं. माझं म्हणणं असं की बजाजच्या बॉक्सर मोटारसायकली तिथे गल्लीगल्लीत धावतायत, त्यांच्या तीनचाकी धावतायत, आकुर्डीवाल्यांना जमतं तर आपल्याला का नाही. अकाउंट्सचे काका त्या मीटिंगला होते. त्यांनी एवढंच विचारलं, "बाई, त्या माणसाला तिथल्या बँकेत डॉलर मिळतात का?" मी म्हटलं, काका, तो सगळं मॅनेज करतो. नायजेरिया पहिला आला.

पहिले दोन कंटेनर छान गेले, ३० टक्के ॲडव्हान्स, बाकी कागदपत्रांवर. तिसऱ्या-चौथ्याला मी नव्वद दिवसांची उधारी दिली, माणूस चांगला होता, अजूनही चांगलाच आहे. माल विकला गेला, अकाराचे व्हिडिओ मला पाठवायचा. पण त्याच्या खात्यात नायरा, म्हणजे तिथलं चलन, पडून, आणि बँकेत डॉलरसाठी रांग. पैसे आहेत पण डॉलर नाहीत, हे असं काही असतं हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण समोरच्या माणसाने पासबुकाचा फोटो पाठवून "सिस्टर, सी" म्हटल्यावर ते वेगळंच लागतं. मग २०२३ च्या जूनमध्ये तिथल्या सरकारने नायरा मोकळा सोडला. डॉलरला ४७० च्या आसपास होता तो काही दिवसांत साडेसातशेच्या घरात, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत दीड हजाराच्या पलीकडे. त्याने आमचा मिक्सर जुन्या भावाने विकून टाकला होता आणि आम्हाला द्यायचे डॉलर तिप्पट महाग. बजाजचीसुद्धा तिथली निर्यात चांगलीच आपटली, पण बजाजला सोसतं, वसईच्या कारखान्याला दोन कंटेनर म्हणजे तीन महिन्यांचे पगार.

इथे मुंबईतच ईसीजीसी आहे, सरकारी, १९५७ पासूनची, परदेशी गिऱ्हाइकाने पैसे बुडवले किंवा त्याच्या देशानेच डॉलर अडवले तर विमा देणारी. देशांना ए१ पासून डी पर्यंत सात वर्गांत टाकते. ती यादी मी आमच्या पहिल्या शीटच्या आधी उघडायला हवी होती, चौथा कंटेनर गेल्यावर नव्हे. आम्ही गल्फचं कव्हर घेतलं होतं, नायजेरियाचं "पुढच्या महिन्यात बघू" म्हणून राहिलं होतं. राहिलं कोणाकडून, तर माझ्याकडून. चौदा महिन्यांनी पैसे आले, हप्त्याहप्त्याने, शेवटचे थोडे आम्ही सोडून दिले. शेठ मला एक शब्द बोलले नाहीत, रोज संध्याकाळी फक्त दाराशी येऊन विचारायचे, "लागोसचं आलं का?" त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

भाच्याने विचारलं मग नायजेरिया चूक होता का. मला अजूनही वाटतं की नव्हता, चवळी खोटी नाही. आता पूर्ण ॲडव्हान्सवर जातो माल, कमी जातो, पण जातो. त्याला मी एवढंच सांगितलं की तुझ्या नरसाळ्यात सगळ्यात वर 'बाजार किती मोठा' आहे, ते खाली टाक आणि वर लिही की माल विकल्यावर पैसे अंधेरीला आमच्या ऑफिसपर्यंत कुठल्या रस्त्याने येणार. सर मार्क कापतील म्हणाला. कापोत.

सध्या धाकट्या शेठना फिलिपिन्स हवाय. नारळ भरपूर, ही जमेची बाजू, पण तिथे गंमत अशी की व्होल्टेज आपलं आणि पिना अमेरिकेच्या, म्हणजे ड्रॉवरमधल्या कुठल्याच चिठ्ठीत बसत नाही. नवीन शीट तयार आहे, अकराचे तेरा कॉलम झालेत. चलनाचं वेटेज मात्र कोणाला हलवता येत नाही, तो सेल मीच लॉक करायला लावला, आणि पासवर्ड अकाउंट्सच्या काकांकडे. ते काल रात्री कोकणकन्येने कणकवलीला गेले, गौरी-गणपती विसर्जन करूनच येणार, घरी रेंज नाही. त्यामुळे फिलिपिन्स आठवडाभर थांबलंय.